कुलूप उघडणारा पोरगा



गेल्या महिन्यातली गोष्ट. रविवारची बुद्धवंदना आटोपून आम्ही विहाराच्या पायरीवर चपला शोधत होतो, तोच आमच्या चाळीतले एक गृहस्थ जवळ आले. महापालिकेच्या सफाई खात्यात आहेत. आवाज खाली आणून म्हणाले, "भाऊ, पोराला जरा समजवा. सुट्टीच्या दिवशी कुलपं उघडत बसतो. उद्या कुठं चोरी झाली तर पहिलं बोट आमच्याच दाराकडं."

पोरगा आम्हांस लहानपणापासून ठाऊक. आयटीआयमधून फिटर झालेला, एका कारखान्यात दुसऱ्या पाळीला जाणारा, जयंतीच्या मंडपाचे काम अंगावर घेणारा. आम्ही त्याच्या खोलीवर गेलो ते, खोटे कशाला बोलावे, चांगले खडसावण्याच्या तयारीनेच गेलो.

त्याने पत्र्याची ट्रंक पुढे ओढली. आत सतरा कुलपे. सगळी जुन्या बाजारातून वीस-तीस रुपयांना घेतलेली, निम्म्यांना किल्लीच नाही. एकही फोडलेले नव्हते. "काका, मी फोडत नाही, उघडतो. आणि परत लावून ठेवतो," तो म्हणाला. मग आमचे भाषण पोटातच राहिले आणि आम्ही सतरंजीवर बसलो.

ज्या किल्लीला एका कडेने करवतीसारखे दाते असतात, म्हणजे दाराच्या लॅचची किंवा लहान पितळी कुलपाची, त्या कुलपात बहुधा पिना असतात. आत एक गोल गट्टू असतो. त्यात वरून पाच-सहा भोके, प्रत्येक भोकात एकावर एक अशा दोन पिना आणि डोक्यावर स्प्रिंग. किल्ली नसताना वरची पिन अर्धी गट्टूत आणि अर्धी बाहेरच्या अंगात अडकून राहते, म्हणून गट्टू हलत नाही. किल्लीचा प्रत्येक दाता आपली जोडी नेमकी एवढी उचलतो, की दोन पिनांमधला सांधा गट्टूच्या काठाशी येतो. सगळे सांधे काठाला आले की गट्टू फिरला. अमेरिकेतल्या लायनस येल नावाच्या कारागिराने ही रचना १८४८ च्या सुमारास केली, आणि त्याच नावाच्या त्याच्या मुलाने १८६० च्या दशकात तिला आजचे रूप दिले. लाकडी खुंट्यांची अशीच कुलपे इजिप्तमध्ये त्याच्याही फार फार आधी होती.

मग किल्लीवाचून ते उघडते कसे? तर कारखान्यात पाडलेली ती पाच भोके कधीच अगदी सरळ ओळीत नसतात. केसाएवढा फरक राहतोच. एका पट्टीने गट्टूवर हलकासा ताण दिला, की त्या फरकामुळे एकच पिन आधी आवळली जाते. दुसऱ्या हातातल्या आकड्याने तीच शोधून उचलायची. सांधा काठाशी आला की बारीकसा 'टक्' होतो, गट्टू किंचित सरकतो आणि दुसरी पिन आवळते. असे एकेक करीत जायचे. डोळ्यांचा काही उपयोग नाही, सगळे बोटांना कळते.

स्वस्त कुलपाच्या किल्लीचे दाते बहुधा सारख्या उंचीचे असतात. असली कुलपे आम्हीदेखील पंधरा-वीस मिनिटांत उघडली आणि उगाच छाती फुगवली. मग त्याने हातात एक पितळी कुलूप ठेवले. त्याच्या किल्लीला एक खोल दरी आणि तिला लागूनच उंच डोंगर. म्हणजे आत तिसरी पिन लांब आणि तिच्यामागची चौथी आखूड. लांब पिनेला नुसता स्पर्श पुरतो, आखूड मात्र पुष्कळ वर न्यावी लागते. आकडा चौथीला उचलू गेला की त्याचा दांडा वाटेतल्या तिसरीला धक्का देतो आणि ती प्रमाणाबाहेर चढते. आता तिचाच खालचा तुकडा काठावर अडकला! ताण सोडल्याशिवाय ती खाली येत नाही, आणि ताण सोडला की आधी बसवलेल्या सगळ्या पिना खाली येतात. आम्ही बी.कॉम. झालेले कारकून. ताळेबंदात अकरा रुपयांचा फरक आला की पहिल्या पानापासून बेरीज धरायची, त्यातलाच हा प्रकार.

पोराने यावर उपाय काढले होते. ताणाची पट्टी किल्लीच्या भोकात खाली न लावता वरच्या, पिनांकडच्या कडेला लावायची, म्हणजे खालची जागा मोकळी राहते. आकड्याचे टोक लांब आणि दांडा बारीक हवा. तो भोकाच्या तळाला टेकवून तिसरीच्या खालून पलीकडे न्यायचा आणि मग टोक उचलायचे. पण त्याचे आकडे छत्रीच्या काडीचे. बारीक केले की वाकत. या एका कुलपाला त्याला अकरा रविवार लागले होते.

रात्री घरी सांगितले तर आमच्या घरच्या मंडळींनी विचारले, "हे पेपरात लिहिणार? चोरांची शिकवणी घेताय का?" प्रश्न जुना आहे. १८५१ साली लंडनच्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी हॉब्स नावाच्या अमेरिकन माणसाने चब कंपनीचे नावाजलेले कुलूप सुमारे पंचवीस मिनिटांत उघडले. मग ब्रॅमा कंपनीचे कुलूप घेतले. ते उघडणाऱ्यास दोनशे गिनी देऊ, अशी पाटी कंपनीच्या खिडकीत अनेक वर्षे होती. हॉब्सने सोळा दिवसांत मिळून एक्कावन्न तास खपून ते उघडले आणि बक्षीस घेतले. तेव्हाही ओरड झाली, की असले उघड करू नये. हॉब्सचे म्हणणे, चोरांना हे आधीपासून ठाऊक असते, ठाऊक नसते ते कुलूप विकत घेणाऱ्याला. आम्हांस तो बरोबर वाटतो. ज्ञान मूठभरांपाशी कोंडून ठेवले की नुकसान कोणाचे होते, हे आपल्या समाजाला कोणी सांगायला नको.

जर्मनीत १९९७ पासून या छंदाची रीतसर संघटना आहे, नेदरलँड्समध्येही आहे, स्पर्धा होतात. या छंदी मंडळींचे दोन नियम सर्वत्र सांगितले जातात. जे कुलूप आपले नाही ते उघडायचे नाही. आणि ज्या कुलपावर रोजचा भरवसा आहे तेही नाही, कारण ते बिघडू शकते. पहिला नियम ऐकून आम्हांस दुसरे शील आठवले. जे दिलेले नाही ते घ्यायचे नाही.

खरी भानगड वेगळीच होती, ती पोराच्या आईने सांगितली. तीन महिन्यांपूर्वी पहिल्या मजल्यावरच्या ताई कचरा टाकायला बाहेर आल्या आणि मागे लॅच लागला. आत गॅसवर दूध, पाळण्यात मूल. पोराने पाच मिनिटांत दार उघडून दिले. त्या दिवशी चाळीने पाठ थोपटली. आठवड्याने एका घरातली पाचशेची नोट सापडेना, तेव्हा त्याच तोंडांनी त्याचे नाव घेतले. नोट पुढे पिठाच्या डब्याखाली निघाली. माफी मागायला कोणी आले नाही. त्यांत आपलेही बांधव होते, हे लिहिताना आम्हांस लाज वाटते.

शील आपण पाळतो, पण रात्री अडवणाऱ्या हवालदाराला ते दिसत नाही. १९५१ चा मुंबई पोलीस अधिनियम, ज्याला आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणतात, त्याचे कलम १२२ आम्ही काढून वाचले. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत घरफोडीचे साधन वाजवी कारणाशिवाय जवळ सापडले तर शिक्षा आहे. कारण वाजवी होते हे शाबीत करण्याचा बोजाही आपल्यावरच. आणि हा पोरगा आकडे डब्याच्या पिशवीत घालून मध्यरात्री कारखान्यातून घरी येत होता! जेवणाच्या सुट्टीत सराव करायला मिळतो म्हणून. वस्तीतल्या पोराचे वाजवी कारण रात्री बारा वाजता चौकीत कोण ऐकून घेणार?

आम्ही बापलेकांना समोरासमोर बसवले. छंद सोडायचा नाही, पण आकडे ट्रंकेबाहेर जायचे नाहीत. कुलपे उघडायची ती दिवसा, दार सताड उघडे ठेवून. कोणाचे दार अडले तर मालक आणि चाळीतली दोन माणसे समोर असल्याशिवाय हात लावायचा नाही. पोरगा जेवणाच्या सुट्टीवरून थोडा कुरकुरला, मग कबूल झाला. बाप काहीच बोलले नाहीत.

जाता जाता आम्ही सहज सांगितले, की अमेरिकेत हे छंदी लोक रस्ते झाडणाऱ्या गाडीच्या ब्रशच्या तुटून पडलेल्या पोलादी काड्या वेचून त्यांचे आकडे करतात. पातळ असतात आणि वाकत नाहीत.

परवाच्या रविवारी पुन्हा गेलो. ट्रंकेशेजारी वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या सात-आठ काड्या होत्या. वडील कामावरून येताना घेऊन आले होते. पोरगा कानस घेऊन बसला होता आणि बाप चष्मा लावून काडीचे दुसरे टोक घट्ट धरून होते. आम्हांला पाहून म्हणाले, "भाऊ, बसा. ती तिसरी पिन काय म्हणते, ते मलाबी बघायचंय."