आडातले पोहऱ्यात यावे म्हणून

‘जुन्या व्हिडिओ कॅसेटी डीव्हीडीवर उतरवून मिळतील, दर्जा कमी होणार नाही’ अशी पाटी दिसली की आपण निर्धास्त होतो. कॅसेटींची पिशवी दुकानात द्यायची, चार दिवसांनी चकती आणायची आणि कॅसेटी भंगारात टाकायच्या, की कर्तव्य संपले! मला हा निर्धास्तपणा घातक वाटतो.

१९८२च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने आपल्याकडे रंगीत दूरदर्शन आले, आणि पुढे लग्नमुंजींत व्हिडिओवाल्याचा दिवा झगमगू लागला. त्या फितींवर केवळ समारंभ नाहीत. आज हयात नसलेल्या आज्यांचे उखाणे आहेत, गावाकडची अस्सल बोली आहे, पाडलेल्या वाड्यांची अंगणे आहेत. आपला सामाजिक इतिहास लिहू पाहणाऱ्यास याहून बोलके साधन कोणते?

परंतु फीत अमर नाही. तिच्यावरचे चुंबकीय कण ज्या लेपाने धरून ठेवलेले असतात, तो लेप दमटपणाने खराब होतो. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात कॅसेटीवर पांढरी बुरशीही धरते. अशी कॅसेट यंत्रात घातली तर ती यंत्राचे हेड खराब करते आणि बुरशी पुढच्या कॅसेटीलाही लागते. ती आधी जाणकाराकडून साफ करून घ्यावी. यंत्रांचीही तीच गत. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६च्या जुलैमध्ये व्हीसीआरचे उत्पादन थांबवले. आता आहेत ती जुनी यंत्रेच दुरुस्त करून वापरायची.

मग दर्जा राखायचा म्हणजे काय करायचे? आडात नाही ते पोहऱ्यात येणार नाही, हे खरेच. व्हीएचएस फितीवर आडवा तपशील मुळातच सुमारे २४० रेषांचा. तो कोणत्याही जादूने वाढत नाही. पण आडात आहे तेही पोहऱ्यातून सांडते, हे आपले दुर्दैव! डीव्हीडीच्या चित्रात ७२० गुणिले ५७६ बिंदू मावतात, म्हणजे भांडे लहान नाही. सांडते ते अन्यत्र: मळलेल्या हेडमुळे, थरथरते चित्र स्थिर न केल्यामुळे, आणि कंजूषपणामुळे. ४.७ जीबीच्या चकतीवर सुमारे दोन तासांचे चित्रण नीट बसते. त्यावर सहा तास कोंबले की आजीच्या चेहऱ्याच्या जागी चौकोनी ठिपके उरतात. त्यातही लग्नाची म्हणून मिळालेली कॅसेट बहुधा संकलित प्रत असते. कॅमेऱ्यातली मूळ कॅसेट सापडली, तर तीच उतरवावी.

यापूर्वीही आपण एकदा हात पोळून घेतले आहेत. व्हीसीडीची लाट आली तेव्हा अनेक घरांनी कॅसेटी तिच्यावर उतरवल्या आणि मूळ फिती फेकल्या. त्या चकतीत चित्र अवघ्या ३५२ गुणिले २८८ बिंदूंचे! गेलेला तपशील आता कोठून आणणार? आज डीव्हीडीचीही उतरती कळा लागली आहे; नव्या लॅपटॉपला बहुधा चकतीची खाचच नसते.

म्हणून माझे म्हणणे असे, की डीव्हीडी ही पाहण्याची प्रत, जपण्याची नव्हे. फीत एकदाच, उत्तम यंत्रावर, संगणकात उतरवावी. डीव्ही पद्धतीने तासाला सुमारे १३ जीबी जागा लागते. ती आज मुळीच महाग नाही. त्या फाइलीच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवाव्यात, डीव्हीडी हवी तर त्यातून करावी, आणि मूळ कॅसेट कोरड्या जागी उभी ठेवावी. उद्या अधिक चांगले साधन निघाले, तर तिच्याकडेच परत जावे लागेल.

हे एकेकट्याला जड आहे, महाविद्यालयाला नाही. एक दुरुस्त व्हीसीआर, एक संगणक आणि मराठी व इतिहास विभागांचे चार उत्साही विद्यार्थी एवढ्यावर हे काम सुरू होऊ शकते. स्नेहसंमेलनाच्या रोषणाईतून थोडा खर्च वाचवला, तरी यंत्राची सोय होईल. प्राध्यापकांनी हे मनावर घ्यावे. आणि मित्रहो, तोवर घरची एकही कॅसेट भंगारवाल्याच्या हाती देऊ नका.