हात थरथरतो, फोन गोंधळतो

'आजोबांना फोन जमत नाही' असे घरोघरी सहज म्हटले जाते. बटण दाबायला जावे तर यादीच वर सरकते, नाहीतर भलताच मेन्यू उघडतो. दोष वयावर जातो. निदान निम्मा दोष फोनच्या हिशेबाचा असतो.

बोट काचेला टेकले की तिथल्या विद्युतभारात सूक्ष्म बदल होतो. पडद्यामागची चिप तो टिपते आणि ऑपरेटिंग सिस्टीम अॅपला कळवते: बोट टेकले, हलले, उचलले. हा टॅप होता, दाबून धरणे होते की सरकवणे, हे अंतर आणि वेळ मोजून ठरते. अँड्रॉइडमध्ये मूळ मर्यादा 8 डीपी, म्हणजे जेमतेम सव्वा मिलिमीटर. सरकत्या यादीत बोट त्यापलीकडे हलले की बटणाला 'स्पर्श रद्द' असा निरोप जातो. बोट सुमारे अर्धा सेकंद टेकून राहिले, तर ते 'दाबून धरणे' ठरते.

कंपवातात थरथर मुख्यतः हात विसावलेला असताना दिसते. फोन वापरताना नडते ती मंदावलेली हालचाल. बोट वेळेत उचललेच जात नाही. इसेन्शियल ट्रेमर हा विकार त्याहून अधिक आढळतो. त्यात काही करायला हात पुढे केला की थरथर वाढते. पहिल्या रुग्णाचा टॅप 'दाबून धरणे' ठरतो, दुसऱ्याचा 'सरकवणे'. दोघांना एकच सल्ला देऊन भागत नाही.

आयफोनमध्ये 'टच अकॉमोडेशन्स' आहे. त्यात लागोपाठचे स्पर्श दुर्लक्षित करता येतात. अँड्रॉइडमध्ये दाबून धरण्याचा अवधी वाढवता येतो. दोन्ही सोयी 'अॅक्सेसिबिलिटी'त खोलवर दडलेल्या, आणि तिथवर पोहोचायचे त्याच थरथरत्या बोटाने! हे काम घरातल्या तरुणांनी पाच मिनिटांत करून द्यावे. बोट टेकताच नव्हे, उचलल्यावर बटण चालावे, असे वेबसाठीच्या आंतरराष्ट्रीय सुगम्यता निकषांत 2018 पासून आहे. पैशांच्या आणि रुग्णालयांच्या अॅपांनी तरी ते पाळावे, बटणेही मोठी ठेवावीत. कप धरता येतो का, असे डॉक्टर विचारतात. फोन वापरता येतो का, हेही विचारायला हवे.

थरथर नव्याने सुरू झाली असेल, तर मात्र सेटिंगवर थांबू नये. थायरॉइडचे प्रमाण वाढल्याने किंवा दम्याच्या काही औषधांनीही हात कापतात. ते तपासून घ्यावे.