विश्लेषण : पिकअपच्या हौद्यात तंबू चालतात, मग ट्रेकर का नाहीत?

सांधण दरीत शिरायचे ते अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यातल्या साम्रद गावातून. दरी पूर्ण उतरली की बाहेर पडायचे ते थेट ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातील डेहणे गावाच्या बाजूला. माणसे दरीतून खाली येतात, पण तंबू, भांडी आणि गॅस सिलिंडर यांना डोळखांब, शहापूर, कसारा घाट, घोटी, भंडारदरा असा मोठा वळसा घालावा लागतो. हे काम पिकअप करते. सामान नेण्यात काहीच गैर नाही. अडचण सुरू होते ती परतीच्या वेळी, जेव्हा थकलेले ट्रेकर त्याच हौद्यात चढतात.

डोळखांब पट्ट्यात हे काम का वाढले?

आजोबा डोंगर, सांधण आणि मुरबाडकडचे गोरखगड, सिद्धगड, नाणेघाट ही ठिकाणे मुंबई, ठाणे, कल्याणहून एका मुक्कामात होतात. आसनगावपर्यंत लोकल आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पाही ५ जून २०२५ रोजी खुला झाला. गावातल्या तरुणाकडे भात आणि भेंडी वाहण्यासाठी घेतलेली पिकअप असतेच. शनिवार-रविवारी तीच गाडी शिबिराचे सामान नेते आणि त्यावर गाडीच्या हप्त्याला हातभार लागतो.

एका शिबिराचे वजन किती?

४० जणांच्या मुक्कामाचा ढोबळ हिशोब करू. दोन माणसांचे २० तंबू प्रत्येकी ३ किलो धरले तर ६० किलो. स्लीपिंग बॅग ६० किलो, मॅट २० किलो. हार्नेस, हेल्मेट आणि ४०० मीटर दोर मिळून सुमारे ७० किलो. भांडी आणि शिधा १५० किलो. व्यावसायिक गॅस सिलिंडर आणि लहान जनरेटर मिळून ७५ ते ८० किलो. पाण्याचे २० लिटरचे १० जार म्हणजे २०० किलो. एकूण जेमतेम ६३५ ते ६४० किलो.

बाजारातल्या मोठ्या पिकअपची भारक्षमता १.३ ते २ टन असते. म्हणजे निम्मी क्षमताही वापरली जात नाही. ‘गाडी अजून पेलते, दहा जण बसू द्या’ हा विचार इथूनच येतो. पण भारक्षमता मालासाठी मोजलेली असते. तेवढ्या वजनाची माणसे सुरक्षित बसतील, असा तिचा अर्थ होत नाही.

हौदा कसा भरावा?

पहिला नियम, जड सामान खाली आणि केबिनला टेकून. मागच्या चाकांच्या पलीकडे, फाळक्याजवळ वजन गेले की गाडी पुढून हलकी होते. समजा दोन आसांमधले अंतर ३ मीटर आहे आणि २०० किलोचे पाणी मागच्या आसाच्या १ मीटर मागे ठेवले. पुढच्या चाकांवरचा भार सुमारे ६७ किलोने घटतो आणि मागच्या चाकांवर २६७ किलो पडतात. घाटाच्या चढावर स्टिअरिंग हलके लागते, त्याचे हे एक कारण.

दुसरा नियम, पाणी मोठ्या टाकीत नेऊ नका. अर्धी भरलेली टाकी वळणावर डुचमळते आणि तिचे वजन बाहेरच्या बाजूला झुकते. गच्च भरलेले, झाकण लावलेले जार बरे.

तिसरा नियम, ताडपत्री म्हणजे बांधणी नव्हे. ती पावसापासून वाचवते, पण सामान जागेवर धरून ठेवत नाही. युरोपात माल बांधण्याचा संकेत असा, की पुढच्या दिशेने वजनाच्या ८० टक्के आणि बाजूला व मागे ५० टक्के ओढ बांधणीने सोसली पाहिजे. १०० किलोच्या पेटीला पुढे ८० किलोची पकड हवी. त्यासाठी हौद्याच्या हुकांना अडकवलेले रॅचेटचे पट्टे लागतात, सुतळी पुरत नाही. पहिल्या पाच-दहा किलोमीटरनंतर थांबून पट्टे पुन्हा ताणायचे, कारण खडबडीत रस्त्यावर सामान बसते आणि पट्टे सैल पडतात.

दोर आणि जनरेटर शेजारी का नकोत?

रॅपलिंगचे दोर बहुतेक नायलॉनचे असतात. बॅटरीतले आम्ल नायलॉनला आतून कमकुवत करते आणि ते वरून दिसेलच असे नाही. पेट्रोल-डिझेलपासूनही दोर दूर ठेवायचे असतात. कड्यावर माणूस ज्या दोराला लटकणार, तो झाकणाच्या पेटीत आणि इंधनापासून सर्वांत लांबच्या कोपऱ्यात हवा. सिलिंडर उभा बांधावा. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर गॅस हौद्याच्या तळाशी साचतो. म्हणून तो ताडपत्रीत गुंडाळून तापलेल्या जनरेटरजवळ ठेवू नये.

सामानावर माणूस बसला तर काय होते?

ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी धडकून एका मीटरमध्ये थांबली, तर आतल्या प्रत्येक गोष्टीवर तिच्या वजनाच्या सुमारे १० पट बल येते. ४० किलोचा जनरेटर ४०० किलोच्या जोराने पुढे जातो. त्याच्यासमोर बसलेल्या माणसाला ना पट्टा, ना पाठ टेकायला आसन, ना डोक्यावर छप्पर. शिवाय तंबूंच्या ढिगावर बसलेल्या माणसांमुळे गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो आणि वळणावर ती कलंडण्याची शक्यता वाढते.

११ ऑगस्ट २०२५ रोजी, श्रावणी सोमवारी, पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्यात कुंडेश्वरच्या दर्शनाला निघालेल्या महिलांची पिकअप घाटात खाली कोसळली. त्यात किमान १० महिलांचा जीव गेला. त्या भाविक होत्या, ट्रेकर नव्हत्या. पण डोंगरातला चढाचा रस्ता आणि हौद्यात बसलेली माणसे हे चित्र तेच.

कायदा काय सांगतो?

मालवाहू गाडीत आरसीवर लिहिलेल्या आसनांइतकीच माणसे बसू शकतात, तीही केबिनमध्ये. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-अ मध्ये प्रत्येक जादा प्रवाशामागे २०० रुपये दंड आहे. रक्कम किरकोळ वाटते, म्हणूनच कोणी मनावर घेत नाही. माल हौद्याच्या बाहेर किंवा ठरलेल्या उंचीपेक्षा वर गेला तर मात्र कलम १९४(१-अ) नुसार २० हजार रुपये दंडाची तरतूद आहे. हौद्यात बाकडी वेल्ड करणे हा मूळ रचनेतला बदल ठरू शकतो. तसे आढळल्यास मालकाला कलम १८२-अ(४) नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्यामुळे सोमवारी उतरवून ठेवता येतील अशा पेट्या आणि पट्टेच बरे. भेंडीलाही हौदा मोकळा मिळतो.

विमा भरपाई देतो का?

गाडीमालकाला सर्वांत महागात पडणारा मुद्दा हाच. मालवाहू गाडीतून फुकट नेलेल्या प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००२ मध्ये दिला. भाडे घेतले तर परवाना आणि पॉलिसीच्या अटींचा भंग होतो. मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी यांना कायद्याने संरक्षण आहे; पण तो केबिनमध्ये बसलेला असावा, असे न्यायालयाने नंतर स्पष्ट केले. म्हणजे आयोजकाचा एक माणूस सामानासोबत चालकाशेजारी बसू शकतो. त्याचे ३९ सोबती मागे बसू शकत नाहीत.

काही प्रकरणांत न्यायालये विमा कंपनीला आधी भरपाई द्यायला लावतात, पण ती रक्कम नंतर मालकाकडून वसूल करण्याची मुभा देतात. फेरीला मिळालेल्या चार पैशांपायी गाडी आणि जमीन दोन्ही पणाला लागू शकतात.

ट्रेकरने काय विचारावे?

पैसे भरण्याआधी आयोजकाला तीन प्रश्न विचारा. पर्यटन विभागाच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाखाली तुमची नोंदणी आहे का? डेहण्याहून आसनगावला आम्हाला नेणारी गाडी प्रवासी परवान्याची आहे का? तिचे भाडे शुल्कात धरले आहे का? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. जीपचे पैसे हिशोबात नसतील, तर दिवस मावळताना दारात उभी असलेली एकमेव गाडी पिकअपच असते आणि तेव्हा नाही म्हणणे चालकाला जड जाते, तुम्हालाही.

गावातल्या गाडीमालकासाठी सोपा उपाय आहे. सामानाची फेरी आपण घ्यायची, माणसांची फेरी गावातल्याच प्रवासी जीपवाल्याला द्यायची आणि दोन्हींचे भाडे आयोजकाकडून आगाऊ ठरवून घ्यायचे. पैसा गावातच राहतो. हौदाही असा भरायचा, की पेट्यांच्या वर पट्टे आणि ताडपत्री आल्यावर कोणाला बसायला जागाच उरू नये.