‘मॉकरी’ आणि विटंबना

न्यायाची, लोकशाहीची किंवा एखाद्या कायद्याची ‘मॉकरी’ झाली, हे इंग्रजी वाक्य मराठीत आणताना ‘थट्टा’ किंवा ‘चेष्टा’ हा शब्द सर्रास वापरला जातो. (चेष्टा म्हणजे संस्कृतात हालचाल, हिंदीत प्रयत्न, मराठीने तिला मस्करीच्या पंगतीला बसविले, हा भाग वेगळा.) या भाषांतरात मूळ शब्दाचा निम्मा अर्थ गळून पडतो.

‘मॉक’ हे क्रियापद जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आले. त्यात उपहास आहे, तसे अनुकरणही आहे. विद्यार्थ्यांची ‘मॉक टेस्ट’ कोणाची टर उडवीत नाही. निवडणुकीच्या कामावर जाणाऱ्या शिक्षकांना व कारकुनांना ‘मॉक पोल’ परिचित असतो. प्रत्यक्ष मतदानापूर्वी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमक्ष यंत्रात किमान ५० मते नोंदवावयाची, हिशेब जुळवावयाचा आणि ती सारी पुसून टाकावयाची. सर्व काही मतदानासारखेच; मात्र त्यातून कोणी निवडून येत नाही.

मराठीतील ‘नक्कल’ हा याच जातीचा शब्द होय. कचेरीत सात-बाराची नक्कल मिळते आणि वर्गात मास्तरांचीही नक्कल होते. संस्कृत ‘विडंबन’ शब्दातही अनुकरण व उपहास एकत्र नांदतात आणि ‘विटंबना’ हे त्याच कुळातले रूप आहे. ‘मॉकरी’ला तोच शब्द अधिक जवळचा.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. थट्टेत कोणीतरी हसत असते. विटंबनेला हसणाऱ्याची गरज नसते. दिल्लीतील एशियाडच्या बांधकामांवरील मजुरांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले होते. किमान वेतन रोजचे ९ रुपये २५ पैसे. कंत्राटदार ती रक्कम मुकादमांकडे देत. मुकादम त्यातून एक रुपया दलाली कापून घेत आणि मजुराच्या हाती ८ रुपये २५ पैसे पडत. कायदा होता, दर ठरलेला होता, कंत्राटदाराकडून पैसेही पुरते निघत होते. अशा व्यवहाराला कायद्याची थट्टा म्हटले, तर तो कोणाचा तरी उद्धटपणा ठरतो. वस्तुतः तेथे कायदापालनाची हुबेहूब नक्कल चालू होती आणि रुपया वाटेत गळत होता. किमान वेतनाहून कमी मोबदल्यात करून घेतलेले काम म्हणजे घटनेच्या अनुच्छेद २३ ने निषिद्ध ठरविलेले ‘सक्तीचे श्रम’ होत, असा निर्णय न्यायालयाने १९८२ साली दिला. शब्दाची पारख तेथे तरी चुकली नाही.