‘ओके’ दाबले म्हणजे होकार दिला?

रुग्णालयातल्या संगणकावर दिवसभर छोट्या चौकटी उघडत असतात. ‘नोंद जतन करायची?’ ‘हे औषध आधीच सुरू आहे, पुढे जायचे?’ समोर रांग, कानाला फोन आणि बोट आपोआप एंटरवर. चौकट वाचून उत्तर मिळाले, असे संगणक धरून चालतो. प्रत्यक्षात ती नुसती बाजूला सारलेली असते.

याची किंमत काय असते, ते २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रुग्णालयात दिसले. सोळा वर्षांच्या मुलाला को-ट्रायमोक्साझोल या अँटिबायोटिकची एक गोळी द्यायची होती. दिल्या गेल्या साडेअडतीस. डॉक्टरांनी १६० मिलिग्रॅम समजून १६० लिहिले, पण तो रकाना ‘किलोमागे मिलिग्रॅम’ असा होता, त्यामुळे संगणकाने वजनाने गुणाकार केला. इशारा आला होता. डॉक्टरांनी तो सारला, फार्मासिस्टनेही. मुलाला झटके आले. तो वाचला, हे नशीब. रॉबर्ट वॉक्टर यांनी ‘द डिजिटल डॉक्टर’ या पुस्तकात हे प्रकरण मांडले आहे. डोस किंचित जास्त असल्याचा इशारा आणि तब्बल ३९ पट जास्त असल्याचा इशारा, दोन्ही दिसायला सारखेच होते.

अशा वेळी दोष बटण दाबणाऱ्याच्या माथी जातो. ते अर्धेच खरे आहे. चौकट लिहिणाराही जबाबदार असतो, आणि हिंजवडी-खराडीत अशा चौकटी रोज लिहिणाऱ्या पुण्याला हा विषय परका नाही.

जावा भाषेतली नेहमीची चौकट उत्तरादाखल एक आकडा परत देते. होय म्हणजे ०, नाही म्हणजे १, रद्द म्हणजे २. पण कोपऱ्यातली फुली दाबून चौकट बंद केली, तर येतो उणे १. घाईत लिहिलेला प्रोग्रॅम फक्त ‘नाही’ तपासतो: १ आला तर थांब, नाहीतर पुढे जा. म्हणजे गोंधळून फुली दाबणाऱ्याचाही होकार धरला जातो आणि नोंद पुसली जाते. हवे याच्या उलट. ० आला तरच पुढे, बाकी सगळे नकार. फरक एका ओळीचा आहे, पण चाचणी करताना ‘होय’ आणि ‘नाही’ दाबून पाहतात, फुली राहून जाते.

विंडोजमध्ये आणखी एक गंमत आहे. वेगळे सांगितले नाही, तर पहिलेच बटण आधीपासून निवडलेले असते, आणि ते बहुधा ‘होय’ असते. एंटर दाबायची सवय झालेल्या बोटाला एवढे पुरे. धोक्याच्या प्रश्नाला ‘नाही’ आधीच निवडून ठेवणे हे प्रोग्रॅमरचेच काम.

मराठीत तर वेगळीच पंचाईत. ‘अपॉइंटमेंट रद्द करायची?’ असा प्रश्न आणि खाली दोन बटणे: ‘ठीक आहे’ आणि ‘रद्द करा’. आजीबाईंनी कुठले दाबावे? १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने जिस्ट तंत्रज्ञानातून संगणकावर देवनागरी रुजवली. अक्षरे आली, बटणांचे मराठी मात्र पोरकेच राहिले. ‘अपॉइंटमेंट काढून टाका’ आणि ‘राहू द्या’ लिहायला कितीसा खर्च येतो?

मग प्रत्येक चुकीला कुलूप लावावे का? तेही नको. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी वॉरफरिन आणि हेच अँटिबायोटिक एकत्र लिहिण्यावर जवळजवळ पक्का अडसर घालून पाहिला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात अडसर परिणामकारक ठरला, पण चार रुग्णांचे गरजेचे उपचार लांबल्याने प्रयोग मुदतीआधी थांबवावा लागला. म्हणून कडक अडसर मोजक्या, जीवघेण्या चुकांपुरताच असावा. किरकोळ गोष्टी विचारूच नयेत, चुकल्यास मागे घेण्याची सोय द्यावी. आज उलट चालते. ‘आम्ही विचारले होते’ असे नंतर म्हणता यावे, म्हणून चौकटी वाढत जातात.

नवे सॉफ्टवेअर घेताना रुग्णालये किंमत आणि अहवालांचे नमुने पाहतात. त्याच बैठकीत एखाद्या परिचारिकेला खुर्चीत बसवून डोस बदलायला सांगावे, मध्येच फुली दाबायला लावावी आणि आत काय जतन झाले ते विक्रेत्यासमोरच उघडून पाहावे.