पंखांचा घोडा कोणाचा?

साम्य दिसले की लगेच वंशावळ मांडावयाची, ही खोड आपल्या सुशिक्षित समाजास जडून बराच काळ लोटला. गेल्या महिन्यात पुण्यातच एका व्याख्यानात तिचा ठळक मासला ऐकावयास मिळाला. वक्ते विद्वान, वाणी ओघवती, श्रोतृवृंद मोठा. ग्रीकांचा पेगॅसस हा आमचाच उच्चैःश्रवा. तो येथून तिकडे गेला आणि वाटेत त्यास पंख फुटले, असे त्यांनी सांगितले. टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या पिटणाऱ्यांत माझे जुने विद्यार्थीही होते, म्हणून हा लेखनप्रपंच.

उलट पंथाचे लेखनही मी विद्यार्थिदशेत पुष्कळ वाचले आहे. भाज्याच्या लेण्यातील चार घोड्यांचा रथ दिसला की त्या मंडळींस ग्रीकांचा सूर्यदेव आठवे. रथात सूर्य नसून मांधाता राजा असावा, असे जॉन्स्टन यांनी १९३९ साली सुचविले, तरी ही आठवण काही बुजली नाही. एकाने सर्व काही तिकडून आणावे, दुसऱ्याने सर्व काही तिकडे पाठवावे. दोघांचा धंदा एकच, हमालीचा.

आता पुरावा पाहू. उच्चैःश्रवा समुद्रमंथनातून निघाला, आणि आदिपर्वात कद्रू-विनतेची पैज लागली ती त्याच्या शेपटीच्या रंगावरून; पंखांवरून नव्हे. पेगॅसस जन्मला तो पर्सियसने मेड्यूसाचे शिर उडविले तेव्हा, असे हेसिअड सांगतो. यांत सारखे ते काय? साम्यच हवे होते तर ऋग्वेद उघडावयाचा होता. पहिल्या मंडलातील अश्वसूक्तात समुद्रातून वर येणारा, श्येनाच्या पंखांचा घोडा आहे. त्याच मंडलात अश्विनांनी घोड्याच्या खुरातून सुरेचे शंभर कुंभ भरल्याचे वर्णन आहे. तिकडे पेगॅससच्या खुराच्या आघाताने हेलिकॉन पर्वतावर हिप्पोक्रीनी हा झरा फुटला. वक्त्यांनी यातले एक अक्षरही उच्चारले नाही. अभिमान पुरेसा असला म्हणजे वाचनाची गरज राहत नाही, हेच खरे.

पण या साम्यानेही चोरी सिद्ध होत नाही. पंख असलेले पशू पश्चिम आशियाच्या कलेत ग्रीसच्या पुष्कळ आधीपासून आहेत. मूळ शोधावयाचेच तर तिसरे दारही ठोठवावे लागेल. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकटाच्या यवनांनी स्तंभ दिल्याचे लेख स्वच्छ कोरलेले आहेत. तेथील स्तंभशीर्षांवर मागील बाजूस घोडेस्वार आहेत, परंतु त्या घोड्यांस पंखांचा मागमूस नाही. यवन येथे आले, दान देऊन गेले; पेगॅसस बरोबर आणला नाही. तीच गोष्ट आकाशाची. कार्तिकातल्या रात्री डोक्यावर येणाऱ्या ताऱ्यांच्या ज्या मोठ्या चौकोनात ग्रीकांस घोडा दिसला, त्यातच आपल्या पूर्वा व उत्तरा भाद्रपदा आहेत. आणि आपल्या ज्योतिषांस पूर्वा भाद्रपदेत दिसला तो मंचक!

या ओढाताणीत कथा मात्र मरतात, आणि माझे खरे भांडण तेथे आहे. ग्रीक कथेचे मर्म पंखांत नसून लगामात आहे. अथेनेने दिलेला सोन्याचा लगाम घालून बेलेरोफॉनने घोडा वश केला, कायमेरा या अग्निमुखी राक्षसीस मारले, आणि अखेर देवलोकावरच चढाई करू गेला. स्वार खाली कोसळला. घोडा वर गेला आणि झ्यूसची वज्रे वाहू लागला. (इलियडमध्ये हीच बेलेरोफॉनची कथा आहे, पण होमर पंखांच्या घोड्याचे नावही काढत नाही.) आपल्या अश्वशास्त्राच्या परंपरेतील कथा अगदी निराळी. पूर्वी सर्वच घोड्यांस पंख होते. ते वाहनांच्या उपयोगी पडावेत म्हणून इंद्राच्या सांगण्यावरून शालिहोत्राने ते छाटले. आणि जखमी घोडे शरण आले तेव्हा त्यानेच त्यांच्या उपचारांचे शास्त्र सांगितले. तेथे माणूस पडतो, येथे घोडा पंगू होतो आणि पंगू करणाराच वैद्य ठरतो. ही करुणा म्हणावी की हिशेब, यावर एक उत्तम व्याख्यान झाले असते.

सभा संपल्यावर एक माजी विद्यार्थी जिन्यात भेटला. "सर, मग पहिला घोडा कोणाचा?" मी त्यास शालिहोत्राची कथा ठाऊक आहे काय, असे विचारले. नव्हती. बेलेरोफॉन मात्र त्याला तोंडपाठ होता. तो मीच त्याला दोन वर्षे इंग्रजी काव्याच्या तासाला शिकविला होता.