तासाभराच्या उड्डाणालाही कंपनी बघावी लागते

जवळच्या पल्ल्याच्या उड्डाणासाठी विमान कंपनी कशी निवडावी, या प्रश्नाला सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरस तालुक्यात एक तयार उत्तर मिळते. ९ जून २०२५ रोजी सोलापूरहून गोव्याला फ्लाय ९१ चे विमान सुरू झाले, १५ ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबईला स्टार एअरचे सुरू झाले, आणि तेव्हापासून हे उत्तर अधिकच ठासून दिले जाते. नीट बसेपर्यंत उतरायची वेळ होते, मग कंपनी कसली बघायची? विमान म्हणजे हवेतली एसटी. स्वस्त तिकीट मिळेल ते घ्यावे, युरोपातले लोकही तेच करतात. शिवाय विमानतळ आपल्या जिल्ह्यात असताना पुण्याकडे तोंड करायचेच कशाला?

हे मत व्यवहारी वाटते, पण त्याचा हिशेब कच्चा आहे. एसटीचीच तुलना घ्यावी. गाडी वाटेत बंद पडली की वाहक त्याच तिकिटावर प्रवाशांना मागून येणाऱ्या गाडीत बसवून देतो. सोलापूरच्या धावपट्टीवर मागून येणारी गाडी नाही. इथली सेवा सुरू झाली ती आठवड्यातल्या ठरावीक वारांची. प्रादेशिक कंपन्यांकडे विमाने मोजकी असतात. फ्लाय ९१ ची सत्तरेक आसनांची एटीआर असोत की स्टार एअरची एम्ब्राएर, एकच विमान सकाळपासून चार गावे जोडत फिरते. पहिल्या गावी धुक्यात दोन तास गेले की तो उशीर दिवसभर पुढे सरकत राहतो. शेवटच्या गावाच्या पाळीपर्यंत वैमानिकांच्या कामाचे तास संपलेले असतात आणि उड्डाण रद्द होते. प्रवाशाचा दिवस तर जातोच, पण पुढचे विमान परवा असेल तर पुढचा दिवसही जातो. ज्याच्या मुलीची मुलाखत बंगळूरला उद्या सकाळी आहे, त्याला तिकिटात वाचलेले आठशे रुपये काय उपयोगाचे?

युरोपाचा दाखला इथेच मोडतो. युरोपीय संघाच्या २००४ च्या २६१ क्रमांकाच्या नियमानुसार दीड हजार किलोमीटरपर्यंतचे उड्डाण ऐनवेळी रद्द झाले, किंवा प्रवासी मुक्कामी तीन तासांहून उशिरा पोचला, तर कंपनीने २५० युरो द्यायचे असतात. तिकीट वीस युरोचे असले तरी रक्कम तीच. संघातल्या विमानतळावरून निघणाऱ्या प्रत्येकाला हा हक्क आहे. म्युनिकमध्ये नोकरी करणारा अकलूजचा मुलगाही त्यात आला. (वादळासारखी कंपनीच्या हाताबाहेरची कारणे दोन्हीकडे वगळलेली आहेत.) भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या (डीजीसीए) नियमाने एक तासापर्यंतच्या रद्द उड्डाणाला भरपाई मिळते ती पाच हजार रुपये, किंवा एका फेरीचे मूळ भाडे अधिक इंधन आकार, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती. म्हणजे तिकीट जितके स्वस्त तितकी भरपाईही लहान. नुसत्या उशिराला रोख भरपाई नाहीच. युरोपातला प्रवासी स्वस्त तिकीट घेतो तेव्हा कायदा त्याच्या पाठीशी असतो. माळशिरसचा प्रवासी तेच करतो तेव्हा धोका त्याच्या एकट्याच्या माथी येतो. ही तफावत लपवून युरोपाचे नाव घेणे म्हणजे ऐकणाऱ्याची दिशाभूल आहे.

एका दिवसाचा प्रश्न सोडला तरी मार्ग टिकण्याचा प्रश्न उरतोच. सोलापूरहून किंगफिशरचे विमान पूर्वी उडून बंद पडलेले आहे. केंद्र सरकारच्या प्रादेशिक विमानसेवेसाठीच्या उडान योजनेतली नांदेड-हैदराबाद सेवा २७ एप्रिल २०१७ रोजी सुरू झाली. ती चालवणारी आणि कोल्हापूर-जळगावलाही जाणारी ट्रूजेट २०२२ मध्ये थांबली. महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालातले आकडे तर डोळे उघडणारे आहेत. या योजनेच्या पहिल्या तीन टप्प्यांत मंजूर झालेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नव्हते. सुरू झालेल्या ३७१ पैकी ११२ मार्गांनी अनुदानाची तीन वर्षे पुरी केली आणि त्यानंतर तगले फक्त ५४. सोलापूर-मुंबई मार्गही कंपनीची तूट भरून देणाऱ्या राज्य सरकारच्या तफावत निधीच्या आधाराने सुरू झाला आणि असा आधार मुदतीचा असतो. चार महिन्यांनंतरच्या लग्नाची तिकिटे आज काढणाऱ्याने हे ध्यानात घ्यायलाच हवे.

यावर डिसेंबर २०२५ कडे बोट दाखवले जाते. वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांची तयारी न केल्याने देशातल्या सर्वांत मोठ्या कंपनीची, इंडिगोची, हजारो उड्डाणे रद्द झाली, मग मोठ्या कंपनीचा तरी काय भरवसा? दाखला खरा आहे, निष्कर्ष चुकीचा. त्या आठवड्यात पुण्यात अडकलेल्यांसमोर दुसऱ्या कंपन्यांची विमाने उभी होती. भाडी भडकली तेव्हा सरकारने पाचशे किलोमीटरपर्यंत साडेसात हजारांची मर्यादा घातली. त्यांना पैसे मोजून का होईना निघता आले. एका मार्गावर एकच कंपनी असलेल्या विमानतळावर तेवढीही वाट नसते.

जिल्ह्याच्या अभिमानाचा मुद्दा जुन्या वादातून आला आहे. विमानांना अडथळा ठरणारी साखर कारखान्याची चिमणी पाडायची की बोरामणीला नवे विमानतळ करायचे, यावर सोलापूरने वर्षानुवर्षे भांडण केले. जून २०२३ मध्ये चिमणी पडली तरी मने तशीच राहिली. त्या भांडणात जो ज्या बाजूला होता, तो आजही तिकीट त्याच बाजूने काढतो. विमानतळ हवे होते आणि ते झाले, हे चांगलेच झाले. पण त्याचा पक्ष घेणे ही प्रवासाची योजना नव्हे.

नकाशाही तेच सांगतो. माळशिरसहून मुंबई पश्चिमेला आहे आणि सोलापूर विमानतळ पूर्वेला, पंढरपूर ओलांडून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. मुंबईला जायला आधी तितके उलटे जायचे, त्यात तासभर आधी पोचायचे. त्यापेक्षा कुर्डुवाडीला वंदे भारत गाठलेली बरी. गोव्याची गोष्ट वेगळी, तिथे सोलापूरचे विमान खरोखर वेळ वाचवते. मात्र फ्लाय ९१ उतरते ती मोपाला, पेडणे तालुक्यात. म्हापशाला ते सोयीचे, मडगावच्या पाहुण्याला दाबोळीचे विमानतळ जवळचे. युरोपात हाच घोळ मोठ्या प्रमाणावर आहे. पॅरिसच्या नावाने विकले जाणारे बोव्हे शहरापासून ऐंशीहून अधिक किलोमीटर दूर, तर फ्रँकफर्टच्या नावाचे हान सुमारे १२० किलोमीटर दूर.

सामानाच्या वजनाचा वाढीव आकार तिकिटात मिळवल्याशिवाय दोन भाड्यांची तुलना होतच नाही. कंपनीच्या अटीही वाचाव्या लागतात. युरोपात रायनएअर या स्वस्त कंपनीने जाणाऱ्या भारतीय पासपोर्टधारकाने तर काउंटरवर व्हिसा तपासून घेतला नाही तर त्याला विमानात घेत नाहीत.

निवड करताना आधी दोन्ही टोकांच्या विमानतळांचे अंतर घरापासून आणि मुक्कामापासून मोजावे. मग त्याच दिवशी, निदान दुसऱ्या दिवशी, त्याच मार्गावर आणखी कोणती विमाने आहेत ते पाहावे. भाडे त्यानंतर. सुटीला गोव्याला निघालेल्या कुटुंबाने सोलापूरहून जावे, एखादा दिवस इकडेतिकडे झाला तर चालतो. परीक्षा, मुलाखत, शस्त्रक्रियेची तारीख असेल तर पुण्याचे लोहगाव विमानतळ गाठावे. मुंबईहून परदेशी विमान पकडायचे असेल आणि तिकिटे वेगवेगळी काढलेली असतील, तर पहिले विमान चुकल्यावर दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही. तिथे आदल्या दिवशीच मुंबईत पोचावे, मग ते रेल्वेने असो वा मोटारीने.